आग्रा रोडवरून सिडनीला

संपादकांचे पत्र दरवर्षी गणपती उठले की येते. यंदाच्या पत्रात त्यांनी एक ओळ जादा घातली होती. ‘खानदेशची केळी, भरीत आणि कापूस हे तीन विषय वाचकांना पुष्कळ झाले, यंदा काही वेगळे पाठवा.’ आता खानदेशी माणसाला भरीत वर्ज्य करून लिहायला सांगणे म्हणजे कीर्तनकाराच्या हातून चिपळ्या काढून घेणे. पण संपादकांपुढे कोणाचे चालते? तेव्हा यंदा मोटारींवर लिहितो. मोटारी म्हणजे वऱ्हाडाच्या किंवा पुढाऱ्यांच्या नव्हेत, शर्यतीच्या. त्यांतही गुळगुळीत गोल रस्त्यावर घाण्याच्या बैलासारख्या फिरणाऱ्या नव्हेत. डोंगर, चिखल, बर्फ, ओढे तुडवीत मुलुखच्या मुलूख पालथा घालणाऱ्या, ज्यांना ‘रॅली’च्या गाड्या म्हणतात त्या.

‘धुळे-जळगावचा आणि ह्या प्रकरणाचा संबंध काय हो?’ असे कोणी विचारील. आमच्या जळगाव-धुळे रस्त्यावरून ज्याने पावसाळ्यात एकदा एस.टी.ने प्रवास केला असेल, तो हा प्रश्न विचारणार नाही. त्या रस्त्याचे चौपदरीकरण इतकी वर्षे रखडले होते की, त्या काळात रोज जा-ये करणाऱ्या प्रत्येकाला रॅलीचे पदक द्यायला हवे होते. पण थट्टा राहू द्या. संबंध खराच आहे, आणि तो १९६८ सालचा आहे.

त्या वर्षी लंडनच्या ‘डेली एक्स्प्रेस’ ह्या वृत्तपत्राने लंडन ते सिडनी अशी मोटार-शर्यत काढली. पहिले बक्षीस दहा हजार पौंड. २४ नोव्हेंबरला ९८ गाड्या लंडनहून सुटल्या. पॅरिस, तुरीन, बेलग्रेड, इस्तंबूल, तेहरान, काबूल करीत त्या दिल्लीला आल्या आणि दिल्लीहून मुंबईला निघाल्या. मुंबईला त्यांना बोटीवर चढवून ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरवायचे आणि तेथून पुन्हा आडवा खंड ओलांडून सिडनी गाठायची, असा बेत. दिल्ली-मुंबई हा सुमारे चौदाशे किलोमीटरांचा टप्पा, तोही एका दिवसरात्रीत. त्याचा रस्ता आग्रा, ग्वाल्हेर, इंदूरवरून. म्हणजे बिजासनचा घाट उतरून शिरपूर, तापीचा पूल, सोनगीर, धुळे, लळिंग, मालेगाव, नाशिक. आपला आग्रा रोड! ज्या रस्त्यावरून आमच्याकडचा कापूस आणि मिरची जायची, त्याच रस्त्यावरून फोर्ड, सिट्रोएन, पोर्श आणि रशियन मॉस्कविच एकामागून एक गेल्या.

मी तेव्हा दहा वर्षांचा होतो आणि सोनगीरच्या अलीकडे मामांच्या गावी होतो. पेपरात बातमी आलेली, आणि पेपर न वाचणाऱ्यांपर्यंत ती दुपटीने वाढून पोचलेली. आसपासच्या पाच-सात खेड्यांची माणसे रस्त्याच्या दोन्ही कडांना उभी होती. गाडीबैल सोडून, लेकरांना खांद्यावर घेऊन, म्हाताऱ्यांना खाटेवर बसवून. मधे मोटारीला जाण्यापुरती गल्ली उरली होती, आणि कोणी तरी ‘आली, आली’ म्हणाले की तीही पुढे झुकणाऱ्या डोक्यांनी निम्मी होई. एक हवालदार शिट्टी फुंकून दमला होता. मग लांबून घोंगावल्यासारखा आवाज येई, आणि पुढे चार-चार दिवे लावलेली, अंगावर आकडा रंगवलेली, नखशिखांत धुळीने माखलेली एखादी गाडी त्या गल्लीतून सुईतून दोरा ओवावा तशी निघून जाई. कित्येक गाड्यांच्या तोंडाला जाड लोखंडी गज बसविलेले होते. ते ऑस्ट्रेलियातल्या कांगारूंसाठी. पण आमच्या गावाने ते म्हशींसाठी आहेत असे ठरवून टाकले. शेजारची एक आजी पदर तोंडाला लावून म्हणाली, “हाई गाडी शे का इमान?”

आणखी एक गोष्ट चालली होती. मोठी पोरे पैज लावून पुढे सरकत होती. जाणाऱ्या गाडीला हात लावायचा, अशी पैज. मी नुसता पाहत होतो, तरी मामांनी माझी कॉलर मागून मुठीत धरली ती शेवटची गाडी जाईपर्यंत सोडली नाही. त्या मुठीची मला पुढे १९८६ साली आठवण झाली. का, ते येईलच.

मुंबईला ७२ गाड्या पोचल्या. तोवर इंग्लंडचा रॉजर क्लार्क फोर्डच्या लोटस कॉर्टिनात सर्वांच्या पुढे होता. ऑस्ट्रेलियात त्याच्या गाडीने मान टाकली. मग बेल्जमचा ल्यूसिएँ बियांकी सिट्रोएन घेऊन पुढे आला, आणि सिडनी हाकेच्या अंतरावर आली असताना समोरून येणाऱ्या एका मिनीशी त्याची टक्कर झाली. मागून येणारा पॅडी हॉपकर्क आपली शर्यत विसरून मदतीला थांबला. १७ डिसेंबरला पहिला आला तो स्कॉटलंडचा अँड्रयू कोवन. त्याची गाडी कोणती, तर हिलमन हंटर. १७२५ सी.सी.ची, चार दारांची, डॉक्टर-वकिलांनी बायकामुलांना घेऊन फिरायला जावे अशी सभ्य गृहस्थी गाडी. सांगाडा मजबूत केलेला, बाकी जात तीच. ५६ गाड्या सिडनीला पोचल्या, आणि चारही मॉस्कविच त्यांत होत्या.

पुढे मी शिक्षक झालो आणि नोकरी धुळ्यात लागली, तेव्हा पारोळा रोडवरच्या एका गॅरेजवाल्याशी माझी गट्टी जमली. सगळे त्यांना नुसते ‘मिस्त्री’ म्हणत. ट्रकचे कमानपाटे बदलण्यात त्यांचा हात धरणारा दुसरा नव्हता. त्यांनीही त्या गाड्या धुळ्यात पाहिल्या होत्या. पण आम्ही रंग पाहिले, त्यांनी चाके पाहिली. ते म्हणत, “मास्तर, त्या आपल्याच गाड्या होत्या. फक्त तालमीत जाऊन आलेल्या. घरची भाकरी खाऊन कुस्ती मारणारा पैलवान असतो ना, तशा.”

ह्या घरच्या भाकरीवरच्या पैलवानांचे दिवस मात्र भरत आले होते.

रॅलीचा नियम असा होता की, कारखान्याने बाजारात विकलेली गाडीच शर्यतीला आणावी. ठरावीक संख्येने ती तयार केल्याशिवाय तिला प्रवेश नाही. हेतू हा की, शर्यतीने सुधारलेली गाडी गिऱ्हाइकाच्या दारात यावी. इटलीच्या लान्चिया कंपनीचा शर्यत-प्रमुख चेझारे फिओरिओ ह्याने हा नियम उलटा वाचला. बाजारातली गाडी शर्यतीला नेण्याऐवजी शर्यतीचीच गाडी बांधायची, आणि नियमापुरत्या पाचशे बाजारात ढकलायच्या! १९७० च्या तुरीनच्या प्रदर्शनात बेर्तोने ह्या नामांकित गाडी-सजावटकाराने एक पाचरीसारखी चपटी गाडी मांडली होती, उंची ८४ सेंटिमीटर. म्हणजे आमच्या वर्गातल्या बाकाहून फार उंच नव्हे. त्या कल्पनेतून ‘स्ट्रॅटोस’ जन्मली. तिचा आराखडा मार्चेल्लो गांदिनीचा. इंजिन फेरारीचे, सहा सिलिंडरांचे, तेही पुढे नसून आसनांच्या पाठीमागे. पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर जेमतेम दोन मीटर अठरा सेंटिमीटर, कारण घाटातल्या वळणावर गाडी भोवऱ्यासारखी फिरावी. दारांच्या आतल्या बाजूला खळगे केलेले. ते कशाला? तर चालकाचे शिरस्त्राण ठेवायला. ज्या गाडीच्या दारात टिफिन किंवा छत्रीची सोय नसून शिरस्त्राणाची आहे, ती गाडी संसारी माणसासाठी नाही हे सांगायला कोणी इंजिनिअर नको.

आमच्या भागात हा फरक पोरांनाही कळतो, कारण आमच्याकडे शंकरपट आहे. शेतातून कापूस आणायची बैलगाडी वेगळी आणि पटावर धावणारा छकडा वेगळा. छकड्याला बूड नाही, बाजू नाहीत. चार लाकडे आणि दोन चाके. त्यात पोते ठेवाल तर ते खाली पडेल. पटाच्या बैलालाही औताला जुंपत नाहीत. स्ट्रॅटोस म्हणजे मोटारींतला पहिला खरा छकडा. १९७४, ७५ आणि ७६ अशी लागोपाठ तीन वर्षे जगज्जेतेपद तिने घेतले. सांद्रो मुनारी तिचा सारथी. मी ह्या गाडीचे चित्र प्रथम एका जुन्या इंग्रजी मासिकात पाहिले, आणि खरे सांगतो, इतकी देखणी वस्तू माणसाने लोखंडाची क्वचितच केली असेल.

पण एक ठिकाण असे होते की, तेथे ह्या सुंदरीला काही केल्या पहिले येता आले नाही. ते म्हणजे केनियातील ‘सफारी’. आणि येथे मला थोडे रेंगाळू द्या, कारण ही आपल्या घरातली गोष्ट आहे.

सफारी रॅली १९५३ साली, राणी एलिझाबेथच्या राज्यारोहणाच्या निमित्ताने सुरू झाली. ती ईस्टरच्या सुमाराला असे, म्हणजे तिकडच्या पावसाच्या तोंडावर. पूर्व आफ्रिकेत मैलोन्‌मैल काळी चिकण जमीन आहे, आणि तिला ते लोक ‘काळी कापशी माती’ म्हणतात. हिंदुस्थानातल्या मातीवरून पडलेले नाव! तेव्हा खानदेशी शेतकऱ्याला मी जास्त काय सांगू? उन्हाळ्यात भेगा आणि धूळ. चार थेंब पडले की तीच माती चाकाला अशी धरते की, चाकाचे जाते होते आणि गाडीचा नांगर. अशा मातीत मुनारीची स्ट्रॅटोस १९७५ साली दुसरी आली, तिची बहीण तिसरी. पहिली आली प्यूजो ५०४, एक साधी, रुंद, पोटभर जेवलेली गाडी, हाकणारा स्वीडनचा ओव्ह अँडरसन. आणि त्याच्या आधीच्या व नंतरच्या वर्षी, १९७४ व १९७६ ला, कोण जिंकले? जोगिंदर सिंग. केनियातच जन्मलेले, पगडीधारी शीख. गाडी मित्सुबिशी लान्सर. ह्याच गृहस्थांनी १९६५ साली आपला भाऊ जसवंत ह्याला शेजारी बसवून, दुसऱ्याने वापरून झालेल्या व्होल्व्होमध्ये सफारी मारली होती. ‘उडता शीख’ म्हणून आपण मिल्खासिंगांना ओळखतो. केनियाने ते जोगिंदरसिंगांना दिले.

त्यांच्यामागून आला शेखर मेहता. युगांडातल्या गुजराती घरातला मुलगा. १९७२ साली इदी अमीनने हिंदी लोकांना देशाबाहेर काढले, त्यात ह्याच्याही कुटुंबावर परागंदा होण्याची पाळी आली. पुढल्याच वर्षी, १९७३ ला, हा पठ्ठ्या दातसुन २४०-झेड घेऊन सफारी जिंकला. तीही अशी की, त्याचे आणि स्वीडनच्या हॅरी कॅलस्ट्रमचे दंडगुण तंतोतंत सारखे, आणि अधिक अंतरापर्यंत निष्कलंक कोण राहिला ह्यावर निकाल लागला. मग १९७९ पासून ८२ पर्यंत सलग चार वर्षे. एकूण पाच वेळा, आणि शेवटच्या चारही वेळा दातसुन व्हायोलेटवर. ह्या गाडीचे दातसुन कंपनीलाही फारसे कौतुक नसेल, इतकी ती दिसायला सामान्य. मागच्या धुरीला घट्ट, पोटाखाली उंच, आणि वाटेत मोडली तर हातोडीने सरळ होणारी. मिस्त्रींना मी हे सांगितले तेव्हा ते खूश होऊन म्हणाले, “मग! जी गाडी रस्त्यावर दुरुस्त होत नाही, ती गाडी नव्हे, दागिना.” आपल्या देशात १९८० साली नझीर हुसेन ह्यांच्या खटपटीने हिमालयन रॅली सुरू झाली, तिचा पहिला विजेताही शेखर मेहताच.

इकडे युरोपात मात्र ‘दागिन्यां’ची चढाओढ पेटली होती. १९८० च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात जर्मनीच्या आउडीने ‘क्वात्रो’ मांडली. तिची गोष्ट गमतीची आहे. आउडीचे इंजिनिअर बर्फाच्या मुलुखात नव्या गाड्यांची परीक्षा घेत होते. बरोबर ‘इल्टिस’ नावाची लष्करी जीप होती, बिचाऱ्या इंजिनाची. आणि बर्फात ही जीप त्यांच्या तालेवार गाड्यांना मागे टाकू लागली, कारण तिची चारही चाके ओढत होती. चार चाकांची ओढ काय असते हे आमच्याकडच्या कुठल्याही जंगलखात्याच्या ड्रायव्हरला ठाऊक होते. पण ती जीपची गोष्ट, वेगाच्या गाडीला तिचे ओझे कोण घालील, असा तोवर समज. आउडीने घातले. १९८१ च्या फेब्रुवारीत हानू मिक्कोलाने स्वीडनची रॅली क्वात्रोवर जिंकली, आणि दोन चाकांनी ओढणाऱ्या गाड्यांचा काळ सरला, हे जाणत्यांनी ओळखले.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात इटलीतली सानरेमो रॅली जिंकली मिशेल मूतों नावाच्या फ्रेंच बाईने. वाट दाखवायला शेजारी फाब्रिझिया पोन्स, तीही बाई. जागतिक स्पर्धेतली रॅली बाईने जिंकण्याचा तो पहिला प्रसंग. पुढच्या वर्षी तिने पोर्तुगाल, ग्रीस आणि ब्राझील अशा तीन रॅली घेतल्या, आणि जगज्जेतेपद तिच्या हातून थोडक्यात निसटले. ते ज्या रॅलीत निसटले, त्या आयव्हरी कोस्टच्या रॅलीच्या तोंडावर तिचे वडील वारले होते, तरी ती धावली. मी मुलींच्या शाळेत हा धडा न चुकता सांगत असे. अभ्यासक्रमात नव्हता; पण इन्स्पेक्टर साहेबांनीही तो एकदा मागच्या बाकावर बसून शेवटपर्यंत ऐकला, एवढे नमूद करतो.

१९८२ पासून नवे नियम आले, आणि त्यांतल्या ‘ब’ गटाने कहर केला. आता दोनशेच गाड्या बांधल्या की पुरे. आणि सुधारलेली आवृत्ती हवी असेल तर फक्त वीस. म्हणजे नियमाची जी झिरझिरीत चादर उरली होती, तीही गेली. लान्चिया ०३७, प्यूजो २०५ टी-१६, फोर्ड आर.एस. २००, एम.जी. मेट्रो, नावे घरगुती मोटारींची, आत राक्षस. लान्चियाची डेल्टा एस-४ घ्या. इंजिन १७५९ सी.सी. आपल्या जुन्या अँबॅसडरचे १४८९ सी.सी. होते आणि ते पन्नास-पंचावन्न अश्वशक्ती देई. हे त्याहून थोडेसेच मोठे, आणि शक्ती साडेचारशेच्या वर! हे कसे, तर लोहाराच्या भट्टीला दोन भाते लावावेत तसे. एक भाता इंजिनाच्या फेऱ्यांवर चालणारा, तो हळू वेगात फुंकतो. दुसरा बाहेर पडणाऱ्या धुरावर फिरणारा, तो वेग चढला की फुंकतो. मधे दम घ्यायला जागाच नाही. आणि अंग? वजन वाचवायला हलक्या कृत्रिम धाग्यांचे पत्रे, खाली नळ्यांचा पिंजरा. ही गाडी जंगलातल्या अरुंद, खडीच्या रस्त्यावर सोडायची, आणि दोन्ही कडांना माणसे.

होय, माणसे. पोर्तुगालच्या रॅलीत तर लोक रस्त्याच्या मधोमध उभे राहत आणि गाडी अंगावर आली की दुभंगत. गाडीला हात लावायची तीच पैज तिकडेही होती. ५ मार्च १९८६ ला सिंत्राच्या डोंगरात जोआकिम सांतुश ह्याची आर.एस. २०० ताबा सुटून गर्दीत घुसली. तीन माणसे मेली, तिसावर जखमी झाली. मोठ्या कंपन्यांच्या चालकांनी पुढे धावायला नकार दिला. ही बातमी मी धुळ्याच्या वाचनालयात वाचली, आणि माझा हात आपोआप मानेमागे, कॉलरकडे गेला.

दोन महिने झाले नाहीत तोच कॉर्सिका. आदल्या वर्षी २ मे रोजी तेथे आत्तिलिओ बेत्तेगा लान्चिया ०३७ मध्ये गेला होता. बरोबर वर्षाने, २ मे १९८६ ला, फिनलंडचा हेन्री तोइव्होनेन, वय २९, सर्वांच्या पुढे असताना एका डाव्या वळणावर डेल्टा एस-४ सह दरीत गेला. गाडीने क्षणात पेट घेतला. तो आणि त्याचा वाटाड्या सर्जिओ क्रेस्तो दोघेही गेले. पाहायला कोणी नव्हते. मागे राहिला तो नळ्यांचा काळा पिंजरा. पेट्रोलची टाकी आसनांच्या खाली होती. ‘ब’ गट १९८७ पासून बंद करण्याचा निर्णय लगोलग जाहीर झाला. नव्या नियमाने पाचशे नव्हे, दोनशे नव्हे, तर पाच हजार गाड्यांची अट आली, म्हणजे पुन्हा बाजारातली गाडी. लान्चियाने त्या नियमातही सलग सहा वर्षे जगज्जेतेपद घेतले हे विशेष.

त्या ‘ब’ गटाच्या काळाला आज सुवर्णयुग म्हणतात. त्या गाड्यांची चित्रे पाहताना माझेही म्हातारे काळीज धडधडते, हे कबूल. पण हिशेब मांडायचा तर सगळा मांडावा, एवढेच माझे म्हणणे. आमच्याकडे शंकरपटावर २०१४ साली सुप्रीम कोर्टाने बंदी घातली, २०२१ च्या डिसेंबरात अटींवर मोकळीक दिली आणि २०२३ च्या मे महिन्यात तो कायदा उचलून धरला. त्या अटी वाचून पाहा. निम्म्या बैलांसाठी आहेत. कडेला उभ्या राहणाऱ्या माणसाला कासऱ्याने बांधायची अट अजून कोणी घातलेली नाही.

आणि आपल्या देशात कडेला उभे राहणे हे एकच संकट नाही. २०१९ च्या सप्टेंबरात राजस्थानात बाडमेर जिल्ह्यात राष्ट्रीय स्पर्धेची रॅली चालू होती. त्या टप्प्याचा रस्ता शर्यतीसाठी बंद केलेला होता. तरी एक मोटारसायकल त्या रस्त्यावर आली. नवरा, बायको आणि मुलगा. तिघेही रॅलीच्या गाडीखाली गेले. ही बातमी घेऊन मी मिस्त्रींकडे गेलो. ते आता काम करीत नाहीत. गॅरेज मुलगा पाहतो, हे दारात खुर्ची टाकून बसतात. मी त्यांना सगळे वाचून दाखवले. त्यांनी गाडी कोणती होती हे विचारले नाही, वेगही विचारला नाही. बराच वेळ आग्रा रोडच्या दिशेने जाणाऱ्या ट्रकांकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, “मास्तर, रस्ता बंद केला म्हणता; पण त्या गावाला दुसरा रस्ता होता का?”